प्रकाशीय तंतू संदेशवहन, द्रुतगती

अतिशुद्ध काचेच्या केसाइतक्या बारीक तंतूमधून प्रकाशतरंगांच्या साहाय्याने माहिती पाठविण्याच्या पद्धतीस प्रकाशीय तंतू संदेशवहन असे म्हणतात. दूरध्वनी, दूरचित्रवाणी, संगणकांमधील माहितीची देवाणघेवाण, बँकांचे व्यवहार व खंडाखंडांमधील इंटरनेट जोडणी या सर्वांचा मुख्य भार आता अशा तंतूंवर पडतो. भ्रमणध्वनीचा संदेशही हवेतून थोडेच अंतर जातो. जवळच्या मनोऱ्यापासून पुढचा त्याचा प्रवास बहुधा तंतूमधूनच होतो. त्यामुळे एका तंतूमधून दर सेकंदास किती माहिती, किती अंतरापर्यंत व किती विश्वासार्हपणे नेता येईल, या प्रश्नास केवळ तांत्रिकच नव्हे, तर सामाजिक महत्त्वही प्राप्त झाले आहे. प्रस्तुत नोंदीत द्रुतगती तंतुजालाच्या उभारणीतील अभियांत्रिकीय अडचणी व त्यांवरील उपाय यांचा विचार केला आहे.

तत्त्व व रचना : तंतूचा मध्यभाग म्हणजे गाभा व त्याभोवतीचे काचेचे आवरण असे तंतूचे दोन मुख्य भाग असतात. गाभ्याचा प्रणमनांक (निर्वातातील प्रकाशवेग व त्या माध्यमातील प्रकाशवेग यांचे गुणोत्तर) आवरणाच्या प्रणमनांकापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो. यामुळे गाभ्यात शिरलेला प्रकाश दोहोंच्या सीमेवर पूर्ण अंतर्गत परावर्तन पावून आतच राहतो व तंतू वळला तरी त्याच्याबरोबर वळतो. दूर पल्ल्याच्या तंतूत गाभ्याचा व्यास सु. ९ मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिलिमीटरचा हजारावा भाग) व आवरणाचा बाह्य व्यास १२५ मायक्रॉन असतो. त्यावर प्लॅस्टिकचा संरक्षक लेप देऊन असे अनेक तंतू एका केबलमध्ये घालतात. प्रेषक टोकास अर्धसंवाहक लेसर विद्युत् संकेताचे प्रकाशात रूपांतर करतो, तर ग्राही टोकास प्रकाश अभिज्ञातक त्याचे पुन्हा विद्युत् संकेतात रूपांतर करतो. माहिती ० व १ या दोन अंकांच्या म्हणजे बिटांच्या रूपात असते.

ऐतिहासिक आढावा : पाण्याच्या वक्र धारेतून प्रकाश वळविता येतो, हे झां-दान्येल कोलादाँ यांनी जिनीव्हा येथे १८४१ च्या सुमारास दाखविले. १९५४ मध्ये हॅरल्ड हॉपकिन्झ व पंजाबात जन्मलेले भौतिकीविज्ञ नरिंदरसिंग कपानी यांनी तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठविण्याच्या प्रयोगांचे वर्णन प्रसिद्ध केले. तथापि त्या काळच्या उत्तम काचेतही प्रकाशाचे क्षीणन (तीव्रतेत होणारी घट) दर किमी.स सु. १,००० डेसिबल एवढे होते. दर १० डेसिबलांस प्रकाशशक्ती दशांशाने उरत असल्यामुळे अशा काचेतून काही मीटरांपलीकडे संदेश नेणे अशक्य होते.

इंग्लंडमधील हार्लो येथील स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीज या संस्थेतील चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकम यांनी १९६६ मध्ये असे प्रतिपादन केले की, हे क्षीणन मूलतः काचेचे नसून तिच्यातील अशुद्धींचे आहे आणि ते २० डेसिबल प्रती किमी.पर्यंत खाली आणल्यास दूरध्वनीसाठी काचतंतू उपयोगी ठरेल. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीतील रॉबर्ट मॉरर, डॉनल्ड केक व पीटर शुल्ट्स यांनी १९७० मध्ये ही मर्यादा गाठली. त्याच वर्षी सामान्य तापमानास अखंड चालणारा अर्धसंवाहक लेसरही तयार झाला. १९७९ मध्ये जपानमध्ये १·५५ मायक्रॉन तरंगलांबीस केवळ ०·२ डेसिबल प्रती किमी. क्षीणन असलेला तंतू बनविण्यात आला. त्याच वर्षी पुणे येथे स्थानिक दूरध्वनी केंद्रे जोडणारी भारतातील पहिली प्रकाशीय तंतू यंत्रणा सुरू झाली. अटलांटिक महासागराखालील पहिली तंतू केबल १९८८ मध्ये कार्यान्वित झाली. काओ यांना या कार्याबद्दल २००९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग देण्यात आला.

क्षीणन : शुद्ध काचेतही क्षीणनाची काही कारणे शिल्लक राहतात. काच घट्ट होताना तिच्या घनतेत अतिसूक्ष्म चढउतार गोठून राहतात व त्यांच्यामुळे प्रकाशाचे प्रकीर्णन (विखुरणे) होते. हे प्रकीर्णन तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून दृश्य प्रकाशाऐवजी अधिक लांबीचे अवरक्त तरंग वापरणे सोयीचे ठरते. परंतु १·६ मायक्रॉनच्या पलीकडे काचेचे रेणूच अवरक्त प्रकाश शोषू लागतात. या दोन मर्यादांच्या मधील १·५५ मायक्रॉनच्या आसपासचा पट्टा सर्वांत पारदर्शक असतो. काचेत राहिलेल्या पाण्याच्या अंशामुळे १·३८ मायक्रॉनच्या आसपास तीव्र शोषण होते. दहा लाख भागांत एक भाग एवढा अंशही तेथे दर किमी.मागे काही दशक डेसिबल क्षीणन करण्यास पुरतो. यामुळे तंतूची काच भट्टीत वाळू वितळवून न बनविता सिलिकॉन व जर्मेनियम यांच्या संयुगांच्या शुद्ध वाफांपासून थराथराने साचवून बनवितात आणि तयार झालेला दंड सु. २,००० से. तापमानास तापवून त्यातून तंतू ओढतात.

०·२ डेसिबल प्रती किमी. क्षीणनाच्या तंतूत प्रकाशशक्ती १५ किमी.वर निम्मी व १०० किमी.वर एक शतांश होते. जमिनीवरील कामात याहून मोठी घट कित्येकदा सांध्यांमुळे होते. दोन तंतू विद्युत् ठिणगीने वितळवून जोडताना ९ मायक्रॉनचे गाभे समोरासमोर येणे आवश्यक असते; १ मायक्रॉनचे विस्थापनही मोजता येण्याजोगी हानी करते. जोडणीच्या टोकावरील धुळीचा एखादा कण गाभ्याएवढा किंवा त्याहून मोठा असू शकतो. तसेच तंतू अरुंद कोनात वाकविल्यास प्रकाश गाभ्याबाहेर निसटतो. तंतूत स्पंद सोडून मागे परतणाऱ्या क्षीण प्रकाशावरून दोषाचे ठिकाण ठरविणारे उपकरण त्यामुळे प्रत्येक दुरुस्ती पथकाजवळ असावे लागते.

अपस्करण : पुरेसा प्रकाश पोहोचला, तरी संदेश वाचता येईलच असे नाही. दर सेकंदास १० अब्ज बिट (१० गिगॅबिट) या त्वरेने संदेश पाठविताना प्रत्येक बिटाच्या वाट्यास १०० पिकोसेकंद (१ पिकोसेकंद = सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) येतात. काचेत प्रकाशवेग सेकंदास सु. २ लाख किमी. असल्याने तंतूतील असा स्पंद केवळ २ सेंमी. लांबीचा असतो. तो वाटेत पसरला, तर शेजारच्या स्पंदात मिसळतो व ० आणि १ यांतील भेद नाहीसा होतो. या पसरण्यास अपस्करण म्हणतात.

५० मायक्रॉन किंवा अधिक व्यासाच्या गाभ्यात प्रकाश अनेक वाटांनी जातो व निरनिराळ्या वेळी पोहोचतो. बारीक गाभ्याच्या तंतूत एकाच वाटेस वाव असल्यामुळे हे अपस्करण टळते; म्हणून दूर पल्ल्यासाठी असेच तंतू वापरतात. परंतु काचेत निरनिराळ्या तरंगलांबींचा वेग निरनिराळा असल्याने उद्‌भवणारे वर्णीय अपस्करण शिल्लक राहते. सर्वसाधारण तंतूत १·३१ मायक्रॉनच्या जवळ ते जवळजवळ शून्य असते, पण क्षीणन किमान असलेल्या १·५५ मायक्रॉनला ते दर नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) व दर किमी.मागे सु. १७ पिकोसेकंद असते. संकेताचा वर्णपट ०·१ नॅनोमीटर रुंद असेल, तर १०० किमी.नंतर स्पंद सु. १७० पिकोसेकंदांनी, म्हणजे एका बिटाच्या अवधीहून अधिक पसरेल. त्वरा चौपट केल्यास वर्णपट चौपट रुंद व बिटाचा अवधी एकचतुर्थांश होतो. परिणामी पल्ला सोळा पटींनी घटतो. केवळ जलद लेसर बसवून जालाची त्वरा वाढविता येत नाही, याचे हे एक मुख्य कारण आहे.

गाभा पूर्णतः गोल नसणे, केबलवरील ताण व तापमानातील बदल यांमुळे प्रकाशाच्या दोन परस्परलंब ध्रुवण दिशांचा (तरंगाच्या कंपनाच्या दिशांचा) वेगही किंचित भिन्न होतो. यातून उद्‌भवणारे अपस्करण लहान असले, तरी ते यदृच्छया बदलत राहते. म्हणून त्याची कायमची दुरुस्ती करता येत नाही. १० गिगॅबिटपर्यंत दुर्लक्षणीय वाटणारा हा दोष ४० गिगॅबिटच्या त्वरेला अनेक जुन्या तंतूंच्या बाबतीत मोठा अडथळा ठरला.

विवर्धन : प्रारंभीच्या केबलींमध्ये ठराविक अंतरावर प्रकाशाचे विद्युत् संकेतात रूपांतर करून, तो दुरुस्त करून पुन्हा प्रकाशरूपाने पुढे पाठवीत. १९८८ च्या अटलांटिक केबलमधील प्रत्येक तंतुजोडीची त्वरा २८० मेगॅबिट होती व ती त्या इलेक्ट्रॉनीय साधनांनी कायमची बांधली गेली होती. १९८७ च्या सुमारास इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत एमान्युएल देसुरव्हिर यांनी अर्बियम या विरल मृदा मूलद्रव्याचा अंश असलेल्या तंतूचा विवर्धक विकसित केला. ९८० किंवा १,४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरने उद्दीपित केलेले अर्बियम आयन (विद्युत् भारित अणू) जाणाऱ्या संकेतास आपली ऊर्जा देतात. हे विवर्धन नेमके १,५३० ते १,५६५ नॅनोमीटर या सर्वांत पारदर्शक पट्ट्यात होते.

या विवर्धकास संदेशाची त्वरा वा लिपी यांच्याशी कर्तव्य नसते व तो अनेक तरंगलांबी एकाच वेळी विवर्धित करतो. यामुळे एका तंतूत ५० गिगॅहर्ट्‌झच्या (सु. ०·४ नॅनोमीटरच्या) अंतराने ८० ते ९० स्वतंत्र वर्णमार्ग चालविणे शक्य झाले. मात्र प्रत्येक विवर्धक संकेताबरोबर स्वतःचा गोंगाटही (यदृच्छ प्रकाशाची भेसळही) घालतो व पुढील विवर्धक तोही वाढवितो. महासागराखाली ६० ते १०० किमी. अंतरावर असे विवर्धक बसवितात. त्यांना केबलमधील तांब्याच्या वाहकातून किनाऱ्यावरून हजारो व्होल्ट दाबाने विद्युत् पुरवठा करतात व २५ वर्षे दुरुस्तीवाचून चालतील अशा बेताने त्यांची रचना करतात.

अरैखिक परिणाम : गोंगाटावर मात करण्यासाठी प्रकाशशक्ती वाढवावी, हा उपाय सहज सुचणारा आहे, पण त्यास काचच मर्यादा घालते. केवळ १ मिलिवॉट शक्ती ९ मायक्रॉनच्या गाभ्यात एकवटली, तर तेथील तीव्रता भर उन्हाच्या दहा हजार पटींहून अधिक होते. एवढ्या तीव्रतेला काचेचा प्रणमनांक प्रकाशानुसार किंचित बदलू लागतो. त्यामुळे प्रत्येक वर्णमार्ग आपली व शेजारच्या मार्गांची कला (तरंगाच्या आवर्तनातील स्थिती) बिघडवितो. तीन तरंग मिसळून चौथा नवाच तरंग निर्माण होतो व तो दुसऱ्याच मार्गावर जाऊन पडतो. १·५५ मायक्रॉनला अपस्करण शून्य असलेला खास तंतू एका तरंगलांबीसाठी आदर्श होता. परंतु सर्व तरंग त्यात एकाच वेगाने शेजारीशेजारी जात असल्याने हे मिश्रण त्यात सर्वांत जास्त होऊ लागले. एका दोषावरील उपायाने दुसरा दोष बळावतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. पुढील काळातील तंतूंत थोडे अपस्करण हेतुतः ठेवण्यात आले.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये कलकत्ता येथे शोधलेला प्रकीर्णनाचा परिणामही तंतूत आढळतो. त्यामुळे लघू तरंगलांबीच्या मार्गांची शक्ती दीर्घ तरंगलांबीच्या मार्गांकडे जाते. मात्र हाच परिणाम उपयोगीही पडतो. सु. १०० नॅनोमीटर कमी तरंगलांबीचा शक्तिमान लेसर तंतूत सोडल्यास खुद्द तंतूच संकेताचा विवर्धक बनतो.

कला-संवेदी पद्धती : प्रकाश असणे म्हणजे १ व नसणे म्हणजे ० ही साधी लिपी ४० गिगॅबिटच्या आसपास अपुरी पडू लागली. तेव्हा तरंगाची कला व परमप्रसर (तरंगाची उंची) यांत माहिती साठविण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. ग्राही टोकावरील लेसरचा प्रकाश आलेल्या संकेतात मिसळून दोहोंच्या व्यतिकरणावरून कला ओळखतात. कलेच्या चार अवस्था व दोन ध्रुवण दिशा यांचा उपयोग केल्यास प्रत्येक चिन्हात चार बिट मावतात. १०० गिगॅबिटसाठी सेकंदास सु. ३० अब्ज चिन्हे पुरतात. १९८० नंतरच्या दशकात अभ्यासिली गेलेली ही पद्धती अर्बियम विवर्धकानंतर मागे पडली होती. जलद अंकीय गणित करणाऱ्या मंडलांमुळे २००८–१० या काळात ती व्यवहारात आली. तंतूत झालेले वर्णीय व ध्रुवणीय अपस्करण आता ग्राहीमध्ये गणिताने उलटवून दूर केले जाते. संदेशात सु. २० टक्के जादा बिट घालून शंभर बिटांत एक-दोन चुका असलेला संकेतही जवळजवळ निर्दोष करता येतो.

तथापि क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार माहितीवहनास अंतिम मर्यादा आहे. प्रत्येक चिन्हात एक बिट वाढवावयाचा, तर संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर सु. दुप्पट करावे लागते. शक्ती कमी ठेवावी, तर गोंगाट वरचढ होतो आणि वाढवावी, तर अरैखिक परिणाम बळावतात. त्यामुळे प्रत्येक मार्गासाठी एकच इष्टतम शक्ती असते व सध्याच्या एका तंतूची दूर पल्ल्याची क्षमता सेकंदास सु. १०० टेराबिटच्या (१ टेराबिट = १,००० गिगॅबिट) आसपास सीमित होते. यापुढील वाढ मुख्यतः तंतूंची संख्या वाढवूनच करावी लागते. २०१७ मध्ये अमेरिका व स्पेन यांना जोडणाऱ्या मारेआ केबलमध्ये आठ तंतुजोड्या होत्या. त्यानंतरच्या केबलींत ही संख्या बारा व अधिक झाली.

जालातील प्रश्न : प्रकाश साठवून ठेवता येत नाही, ही जालाच्या रचनेतील एक मूलभूत उणीव आहे. एका मायक्रोसेकंदाच्या (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या) विलंबासाठी २०० मी. तंतू गुंडाळून ठेवावा लागतो. म्हणून जेथे संदेशांची वाट निवडावयाची असते, त्या ठिकाणी त्यांचे विद्युत् रूपांतर करून ते इलेक्ट्रॉनीय स्मृतीत ठेवतात. या साधनांचा विजेचा खर्च व त्यांतून निर्माण होणारी उष्णता त्वरेबरोबर वाढत जाते.

अंतरामुळे होणारा विलंबही टाळता येत नाही. १,००० किमी. तंतू ओलांडण्यास प्रकाशास ५ मिलिसेकंद लागतात. ५,००० किमी.च्या मार्गावर पोच परत येण्यास किमान ५० मिलिसेकंद लागतील व तेवढ्या काळात १०० गिगॅबिट त्वरेचा प्रेषक ५ अब्ज बिट पाठवून बसलेला असेल. इंटरनेटच्या मूळ नियमांत पोच मिळण्यापूर्वी ६५,५३५ बाइटांपेक्षा (१ बाइट = ८ बिट) अधिक माहिती पाठविता येत नसे. या अंतरावर त्या नियमाने सेकंदास सु. १ कोटी बिटच जाऊ शकले असते व तंतू जवळजवळ रिकामाच राहिला असता. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांनी ही मर्यादा वाढविली.

विश्वासार्हता : तंतूची क्षमता जितकी मोठी, तितके तो तुटण्याचे परिणाम व्यापक होतात. समुद्रात जहाजांचे नांगर व मासेमारीची जाळी, तर जमिनीवर रस्त्याचे व जलवाहिनीचे खोदकाम ही नुकसानीची नेहमीची कारणे आहेत. ३० जानेवारी २००८ रोजी ईजिप्तमधील अलेक्झांड्रियानजीक दोन केबली निकामी झाल्याने मध्यपूर्वेबरोबरच भारतातील इंटरनेट सेवाही मोठ्या प्रमाणात विस्कळीत झाली; या दोन्ही केबली मुंबईच्या किनाऱ्यावर येत होत्या. १५ जानेवारी २०२२ रोजी ज्वालामुखीच्या उद्रेकात टोंगा या बेटराष्ट्राची बाहेरच्या जगाशी जोडणारी एकमेव केबल तुटली व ती पूर्ववत होण्यास सु. पाच आठवडे लागले. तोवर तेथील दळणवळण अल्प क्षमतेच्या उपग्रह-मार्गांवर अवलंबून होते.

यावर उपाय म्हणजे कंकणाकृती मार्ग. एका बाजूस खंड पडल्यास संदेश ५० मिलिसेकंदांत उलट बाजूने वळविता येतो. परंतु नकाशावर भिन्न दिसणारे मार्ग प्रत्यक्षात एकाच चरातून किंवा एकाच पुलावरून जात असतील, तर या व्यवस्थेचा उपयोग होत नाही. म्हणून मार्गांचे भौगोलिक पृथक्करण हे उत्तम उपकरणांइतकेच महत्त्वाचे मानले जाते.

अंतिम टप्पा : महानगरांना जोडणाऱ्या तंतूंची क्षमता प्रचंड असली, तरी ती घरापर्यंत पोहोचविणे हा वेगळा प्रश्न आहे. येथे मुख्य अडचण अपस्करणाची नसून खर्चाची असते, कारण चर खोदणे हे तंतूपेक्षा अनेकदा महाग पडते. त्यासाठी एका तंतूतील प्रकाश वीज न लागणाऱ्या विभाजकाने ३२ किंवा अधिक घरांत वाटण्याची पद्धती वापरतात. ३२ भागांत विभागल्यास प्रत्येकाच्या वाट्यास किमान १५ डेसिबल घट येते व त्यानुसार पल्ला सु. २० किमी.पर्यंत राहतो. भारतात ग्रामपंचायतींना तंतूने जोडण्याच्या योजनेस २०११ मध्ये मान्यता मिळाली व २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव देण्यात आले. अशा योजनांचे यश केबल टाकण्याइतकेच तिची देखभाल, गावातील अखंड वीजपुरवठा व तुटलेला तंतू जोडू शकणारा प्रशिक्षित कारागीर यांवर अवलंबून असते.

नवीन संशोधन : एकाच आवरणात अनेक गाभे असलेले तंतू व काचेऐवजी हवेच्या पोकळीतून प्रकाश नेणारे पोकळ गाभ्याचे तंतू यांवर संशोधन चालू आहे. पोकळ तंतूत प्रकाशवेग निर्वातातील वेगाच्या जवळपास असल्याने विलंब सु. एकतृतीयांशाने घटतो व अरैखिक परिणामही अत्यल्प राहतात. साउदॅम्प्टन येथील संशोधकांनी २०२५ मध्ये अशा तंतूत ०·१ डेसिबल प्रती किमी.पेक्षा कमी क्षीणन मिळविल्याचे प्रसिद्ध केले. शुद्ध काचेच्या प्रकीर्णनाने घातलेली मर्यादा त्यामुळे प्रथमच स्पष्टपणे ओलांडली गेली. असे तंतू मोठ्या लांबीत व माफक किंमतीत बनविणे आणि शेतातल्या चरातही ते सुलभतेने जोडता येणे, हे त्यांच्या व्यापक प्रसारापुढील प्रश्न आहेत.